चंद्रभुवनचं मागचं दार

आमच्या वऱ्हाडात कापसाचा हंगाम आला हे सगळ्यात आधी बाभळींना कळतं. सडकेने कापसाच्या भरलेल्या बैलबंड्या जातात, बंडीच्या कडेने ओसंडणारा कापूस काट्यांना घासत जातो, आणि थोड्याच दिवसांत अकोल्यापासून मूर्तिजापुरापर्यंतची एकूणएक बाभूळ पांढरी दिसू लागते. बाहेरचा पाहुणा एसटीच्या खिडकीतून विचारतो, "हे कसलं झाड?" तो इतक्या विश्वासाने विचारतो की "कापसाचं" म्हणून सांगावंसं वाटतं. मी एकदा तसं सांगितलंही आहे. आता बंड्या जाऊन ट्रॅक्टर आले, पण बाभळींनी सवय सोडलेली नाही. परवा सडकेला उभी होते, तेव्हा काटा चुकवून एक पुंजका काढला, बोटांत फिरवला आणि चंद्रभुवन थिएटरचं मागचं दार आठवलं. दर हंगामात आठवतं.

चंद्रभुवन अकोल्याच्या भर बाजारात होतं. म्हणजे अजूनही आहे, पण जेवढं उरलं तेवढंच. एका वर्षी कापसाला भाव चांगला लागला आणि कोण्या शेठजींना नाटकाचा नाद लागला, अशी त्याची जन्मकथा सांगत. दर्शनी भिंतीवर चुन्याचा अर्धचंद्र आणि त्याच्या दोन बाजूंना चुन्याचेच दोन मोर. मोर समोरासमोर होते म्हणे, पण एकदा पावसाळ्यात एकाची मान पडली आणि गवंड्याने ती बसवताना दुसऱ्या अंगाने बसवली. माझ्या जन्माआधीपासून तो मोर आपल्या जोडीदाराकडे पाठ करून स्टेशनकडे पाहत होता. लहानपणी मला वाटे, गाडीची वाट पाहतोय.

आधी तिथे नाटकं झाली. कंपन्या येत, महिनाभर मुक्काम ठोकत आणि शहरातल्या तबलजींना आपल्याबरोबर पळवून नेत. मग मूकपट आले, मग बोलपट. नाटकाचं थिएटर सिनेमाचं झालं, पण रंगमंच कोणी हलवला नाही. त्याच्या तोंडावर पडदा ताणला, आणि पडद्यामागे एक आख्खं रिकामं स्टेज तसंच राहून गेलं. त्याचं काय झालं हे विचारण्याची गरज कोणालाच वाटली नाही. मला वाटली, कारण नको तिथे नाक खुपसण्याची सवय मला जन्मापासून आहे.

पन्नासच्या दशकातलं माझं सगळं लहानपण त्या थिएटरच्या हाकेच्या अंतरावर गेलं. इतर दिवसांत ते पेंगत असे. हंगामात जागं होई. बाजारात कापूस घालून मोकळे झालेले शेतकरी बैल सोडून, हात-तोंड धुऊन थेट तिकिटाच्या खिडकीशी येत. जिनाचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा, भोंगा वाजल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही असा शिरस्ता होता, कारण भोंग्याआधी सुरू केला तर जिनातले लोक अर्ध्यात येत आणि झालेली गोष्ट शेजाऱ्याला विचारत. शेजारीही ती सविस्तर सांगे. पडद्यावर बैलजोडी आली की मागच्या बाकांवर तिची जात, वय, खोड यांवर बोलणं सुरू होई आणि नायिकेच्या रडण्याकडे कोणाचं लक्ष नसे. लोकांच्या फेट्यांवर, सदऱ्यांवर कापूस चिकटलेला असायचा. मशीनच्या झरोक्यातून निघालेल्या उजेडात त्याचे बारीक तंतू तरंगत पडद्यापर्यंत जात. सिनेमापेक्षा मला तेच पाहायला आवडे.

आम्ही बायका-मुली वर बाल्कनीत. बाल्कनीपुढे हिरवा पडदा, दिवे गेल्यावर उघडायचा, दिवे आले की ओढायचा. आमचा जिना मोठ्या सडकेकडून होता. म्हणूनच मागच्या बोळातलं दार मला चैन पडू देत नसे. चंद्रभुवनची पाठ ज्या बोळात होती तिथे एक बुटकं लाकडी दार कायम कुलपात असे, आणि त्याच्या चौकटीवर पुसट निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'फक्त स्त्रियांकरिता'. स्त्रियांकरिता तर वरची बाल्कनी होती. मग स्टेजच्या मागच्या भिंतीत स्त्रियांकरिता दार कशाला?

मी पुष्कळांना विचारलं. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, नाटकात बायकांची कामं करणारे पुरुष तिथून आत जात असतील. वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, तिथे भूत आहे आणि ते बाईचं आहे. माझे बाबा वकील होते. त्यांना विचारलं तर ते कागदावरून मान न उचलता म्हणाले, "जुन्या काळी बायका तिकडून जायच्या." "जायच्या कुठे?" "आत." वकिलाने साक्षीदाराकडून असं उत्तर घेतलं असतं का, हा विचार मला फार पुढे सुचला.

आणि मग उरली वेणूआत्या.

वेणूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लहानपणीच लग्न होऊन अकोटला गेली, काही वर्षांत नवरा गेला आणि ती अकोल्याला आमच्याकडे आली ती कायमची. अकोटहून आणलेली तिखट वऱ्हाडी तिने शेवटपर्यंत टाकली नाही. बाबा कोर्टात बोलतात तसं घरी बोलू लागले की ती म्हणे, "दादा, तुह्या अशील गेला. आता मानसासारखा बोल."

तिला मागच्या दाराचं विचारलं तर तिला त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसलंच नाही.

"आमी तिकूनच जावो. सिनेमा मुका होता तवा."

"आत काय होतं?"

"काय असन? अंधार. बसाले पायऱ्या. समोर पडदा. अन् सुरू व्हायच्या आंधी पाऊस."

"थिएटरात पाऊस?"

"मंग. दोघं जनं पिचकारीनं पडद्यावर पानी मारत. पुढच्या पायरीवर बसलं का आंगावर शितोडे येत. मी पुढंच बसो."

पाऊस मी सोडून दिला. आत्याच्या सिनेमात त्याहून मोठ्या गोष्टी होत्या. तिच्या सिनेमातली सगळी माणसं डावरी होती.

हे जरा नीट सांगायला हवं, कारण आमच्या घरात यावरून बहीण-भावाचं कायमचं भांडण होतं. दोघांनी लहानपणी एकाच थिएटरात तेच मूकपट पाहिले होते. आत्या सांगे, राजा डाव्या हातात तलवार धरायचा. राणी डाव्या हाताने आरती ओवाळायची. साधू डावा हात वर करून आशीर्वाद द्यायचा. जेवायला बसले की सगळी पंगत डाव्या हाताने जेवायची. बाबा हसून लोटपोट होत. "वेणूचं डावं-उजवं पहिल्यापासून कच्चं," ते पाहुण्यांना सांगत. "अगं, मी पण पाहिलाय तो राजा. चांगला उजव्या हाताने लढत होता." आत्या ऐकून घेई आणि म्हणे, "तुनं पायला असन. मी बी पायला."

त्या हसण्यात एक गोष्ट बाबा विसरत. आत्या स्वतः डावरी होती. म्हणजे जन्माने. घास, पळी, फुलं, सगळं तिच्या डाव्या हातात आपोआप जाई. माझ्या आजीने तो हात जेवणाच्या वेळी चिंधीने बांधून ठेवला, पुढे पळीने मारलं. आत्याच्या मनगटाजवळ एक हाड थोडं वर आलेलं होतं, ते त्या पळीचं. 'आई, वेणू बघ पुन्हा' असं कोण ओरडायचं हेही तिने मला एकदा सांगितलं होतं, कोणताही राग न ठेवता. बाबा.

असं घरी मार खाऊन ती मागच्या दाराने चंद्रभुवनमध्ये जायची, आणि समोर राणी डाव्या हाताने देवाला ओवाळत असायची. त्या राणीला कोणी मारत नव्हतं. उलट देव प्रसन्न होत होता.

बोलपट आले आणि आत्याने बाल्कनीतून पाहिलं, तर सगळे उजवे. हेही तिने आपल्या परीने लावून घेतलं होतं. मी नववी-दहावीत असेन, आम्ही दोघी वाती वळत बसलो होतो. वाती ती माजघराच्या कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून वळायची, कारण डाव्या हाताने वळायची आणि देवाच्या वाती डाव्या हाताने वळलेल्या कोणी पाहू नयेत अशी तिची इच्छा असे. तिच्या वातींसारख्या वाती आळीत कोणाच्या होत नसत. मी विचारलं, "आत्या, मग ते सगळे एकदम उजवे कसे झाले गं?"

ती हातातली वात पूर्ण करून म्हणाली, "त्याईच्या बी हातावर कोनी पळी मारली असन. बोलाले लागले अन् सुधरले."

मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर कितीतरी दिवस आलं नाही.

पुढे मी शिकले आणि अमरावतीला मुलींच्या शाळेत नोकरीला लागले. अमरावतीकरांना आपल्या शहराचा भारी अभिमान. अकोल्याची म्हटलं की ते 'असू दे, असू दे' अशा नजरेने पाहत. तिथली थिएटरं खरंच बरी होती. खुर्च्यांना गाद्या होत्या, पंखे फिरत होते. पण एकाही थिएटरला कुलपातलं दार नव्हतं, आणि मी सगळ्यांच्या पाठीमागून फेरी मारून आले होते. मैत्रिणी म्हणत, "हिला सिनेमा दाखवायला आणलं तर ही भिंती पाहते."

साठ साल उलटून गेलं होतं. संक्रांतीच्या सुट्टीला घरी आले. बाजारात तेव्हा बंड्यांबरोबर ट्रकही येऊ लागले होते आणि कापसाचे ट्रक चंद्रभुवनमागच्या बोळात अडकत. तेव्हा बोळ रुंद करायचा ठरला. चहा पिताना बाबा सहज म्हणाले, "तुझ्या चंद्रभुवनची पाठ पाडली. पुढचं ठेवणार आहेत. तिकडे नवी भिंत घालून खेळ पुन्हा सुरू करणार म्हणे." मी कप तसाच ठेवून निघाले.

बोळाचा बोळ राहिलाच नव्हता. दार नाही, चौकट नाही, निळी अक्षरं नाहीत. मागची भिंत विटांच्या ढिगात होती आणि आयुष्यात पहिल्यांदा चंद्रभुवनच्या पोटात ऊन पडलेलं दिसत होतं. त्या उन्हात मी जे पाहिलं ते आधी मला कळलंच नाही. स्टेजवर पायऱ्या होत्या. बसायच्या, रुंद, दगडी, बोळाकडून पडद्याकडे उतरत जाणाऱ्या. ज्या दाराने इतकी वर्षं मला छळलं ते सगळ्यात वरच्या पायरीवर उघडत असणार.

मुकादम मला म्हणाला, "आमी बी तेच पाऊन राहिलो बाई. इथं बसनारा मानूस पायन काय? पडद्याची पाठ?"

पडद्याची पाठ. मग एकेक उलगडत गेलं. पातळ कापडाचा पडदा. त्याच्यावर पिचकारीने पाणी, म्हणजे ओल्या कापडातून उजेड आरपार येईल. पुरुषांच्या नजरेआड बायकांना बसवायचं तर पडद्याच्या मागे बसवावं, तेच चित्र त्यांनाही दिसेल. फक्त उलटं दिसेल. उजव्या हातातली तलवार डाव्या हातात दिसेल. मूकपटात मधे मधे येणाऱ्या पाट्यांवरची अक्षरंही उलटी दिसत असतील, पण तेव्हा तिथे वाचता किती जणींना येत होतं? पाट्या पुढच्या बाजूला एक जण मोठ्याने वाचून दाखवी आणि बायका त्या ऐकत. पुढे बोलपटांना आवाजाचे कर्णे आले, ते पडद्यामागे ठेवावे लागले, आणि बायका वर बाल्कनीत गेल्या. दाराला कुलूप लागलं.

इतकं मोठं कोडं सुटल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. मला झालाही, पण घराच्या निम्म्या वाटेपर्यंतच. आत्याचा पाऊस खरा होता, पायऱ्या खऱ्या होत्या, ती एका शब्दानेही खोटं बोलली नव्हती. हे बाबांना सांगायला मी उतावीळ झाले होते. पण ते सांगायचं तर त्याबरोबर हेही सांगावं लागणार की राजा डावरा नव्हता, राणीही नव्हती, कोणीच नव्हतं. लहानपणी मार खाल्लेल्या मुलीला जगात एका ठिकाणी आपल्यासारखी माणसं भेटली होती. आता ती काढून घेणारी मी कोण? मी ठरवलं, गप्प बसायचं. माझ्यासारखीने हे ठरवणं म्हणजे काय ते मला ओळखणाऱ्यांना कळेल.

पण आत्यानेच विषय काढला. "पाडलं म्हनते मांगून. मले पायाचं हाय वं. नेतं का?" आणि बाबा कोट चढवत म्हणाले, "मी पण येतो. दाखव तुझा डावरा राजा."

दुपारी तिघं गेलो. मजूर जेवायला बसले होते. आत्या विटांवरून पदर सावरत स्टेजवर चढली आणि जणू कालच उठून गेली होती अशी थेट पुढच्या पायरीवर जाऊन बसली. हाताने पायरी चाचपली. "हाच तो कोपरा. अठी खिळा होता, परकर फाडे." खिळा अजून होता.

बाबा बाजूने खाली प्रेक्षागृहात उतरले. खुर्च्यांच्या जागी तेव्हा बाकं होती, ते सांगू लागले. "आणि मी या खांबापाशी. कायम इथेच." असं म्हणून ते खांबाला टेकून वळले. मधे पडद्याची रिकामी चौकट होती. चौकटीच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला आत्या, एकमेकांकडे तोंड करून. बाबांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"वेणू, तू तिथे बसायचीस?"

"मंग कुठी बसू? बायका अठीच बसत."

"पडद्याच्या त्या बाजूला?"

"माह्यासाठी हीच बाजू."

माझे वडील कोर्टात कोणत्याही साक्षीदाराला पहिला प्रश्न विचारत तो हा, की तुम्ही कुठे उभे होता. त्यासाठी त्यांचं नाव होतं. सख्ख्या बहिणीला तो प्रश्न त्यांनी इतक्या वर्षांत कधी विचारला नव्हता. खांबाचा आधार घेऊन ते तिथेच एका खुर्चीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

आत्या त्यांच्याकडे पाहत होती, मग चौकटीकडे, मग माझ्याकडे. ती शाळेत गेली नव्हती, पण तिला काही सांगावं लागायचं नाही. तिने माझ्या साडीचा पदर हातात घेतला. पातळ सुती साडी होती, कुयरीच्या छापाची. तिने पदर उन्हाकडे धरून एका बाजूने पाहिला, मग उलटून दुसऱ्या बाजूने पाहिला. कुयरी इकडून डावीकडे वाकत होती, तिकडून उजवीकडे. तिने तो पुन्हा उलटला. माझं ठरलेलं मौन आणि न ठरलेलं, दोन्ही एकच झालं होतं.

पदर सोडून तिने तो माझ्या खांद्यावर नीट बसवला.

"म्हंजे त्याईले कोनी मारलंच नाई," ती म्हणाली. "बरं झालं बाप्पा. मले उगाच वाटे."

मी जिचं काही हिरावलं जाईल म्हणून धास्तावले होते ती बाई त्या सगळ्या राजाराण्यांच्या हातांची काळजी करत होती. ती काळजी आज मिटली म्हणून हलकी झाली होती. मला तिथे रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. बाबांनी खालून ऐकलं होतं. ते वर आले, त्यांनी आत्याला उतरायला हात दिला. वाटेत पानवाल्याने नमस्कार केला तो त्यांना दिसला नाही.

चंद्रभुवनला पुढे नवी भिंत झाली, त्यावर नवा पडदा लागला. त्याच्या मागे आता सडक आहे. ट्रक जातात. तिथे बायका बसत हे सांगितलं तर नवीन मुलांना खरं वाटत नाही. वाटण्याचं कारणही नाही. मोर मात्र अजून स्टेशनकडे पाहतो.

त्या संध्याकाळी आत्याने कापसाची टोपली नेहमीच्या कोपऱ्यात नेली नाही. बाहेरच्या खोलीत आणली, बाबांच्या टेबलासमोर सतरंजीवर बसली आणि दिव्याच्या उजेडात वाती वळू लागली. डाव्या हाताने. दार सताड उघडं होतं. कोणी अशील आला असता तर त्याला दिसलं असतं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिले. बाबा कागद वाचत होते, म्हणजे पान उलटत नव्हते. मग त्यांनी चष्मा काढला, उठले आणि धोतर सावरत सतरंजीवर आत्यासमोर येऊन बसले. टोपलीतलं एक बोंड घेऊन त्यातली सरकी निवडू लागले. त्यांना ते येत नव्हतं. बोटांना सवय नव्हती.

"नीट काढ दादा," आत्या म्हणाली. "सरकी राह्यली तं वात तडतडते."

"काढतोय."

बराच वेळ ते एकच बोंड घेऊन बसले होते. शेवटी ते स्वच्छ झालं तेव्हा आत्याने हात पुढे केला. डावा. बाबांनी त्याच्याकडे, मनगटाजवळच्या त्या हाडाकडे पाहिलं, आणि कापूस त्याच हातावर ठेवला.